पिवळंच राहिलेलं पाणी

माझ्या भाचीचे पुढचे चार दात तपकिरी आहेत. ते कशामुळे, हे मला ती चार वर्षांची होती तेव्हापासून ठाऊक आहे, म्हणजे ते दात उगवायच्या आधीपासून. हे मी आजवर एकदाच बोललो, यंदाच्या उन्हाळ्यात, आणि तेही गप्प राहणं अशक्य झालं म्हणून. आता लिहून काढतो आहे. लिहिताना अधूनमधून स्वतःची बाजू मांडायचा मोह होतो. जिथं तो झाला तिथं खोडून पुन्हा लिहिलं आहे, तरी एखाददुसरी जागा सुटली असेल.

आम्ही टाकवे बुद्रुकच्या पलीकडच्या एका वाडीतले. भाताची खाचरं, दोन म्हशी, आणि पुढं शिकायचं तर सायकलनं तळेगाव. माझी मोठी बहीण दहावीला बसलीच नाही, कारण त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली आणि चूल ताईकडं आली. ताई भाकरी थापायची, मी शाळेत जायचो. पुढं तिचं लग्न झालं आणि दाजींना मळवलीत एक बंगला सांभाळायचं काम मिळालं. पुढं बाग, पोहायची टाकी, मागं या दोघांसाठी दोन खोल्या. मालक मुंबईचे. शनिवार-रविवार यायचे, येताना गाडीतून पिण्याच्या पाण्याचे जार आणायचे, आणि जाताना उरलेले जार कुलपाच्या खोलीत ठेवून जायचे. बाकी सगळं पाणी बोअरचं. ती बोअर भयंकर खोल होती. मेमध्येही आटत नाही, हे मालक पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

ताई मात्र ते पाणी प्यायची नाही. तिच्या आधी तिथं जे माळी राहायचे त्यांच्या दोन मुली तिनं पाहिल्या होत्या. तिथंच जन्मलेल्या, तिथंच वाढलेल्या. दोघींच्या दातांवर चहाच्या चोथ्यानं ओढल्यासारखे आडवे पट्टे. ताईला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण तिनं दोन अधिक दोन केलं होतं. रोज सकाळी रेल्वे फाटक ओलांडून ती गावच्या विहिरीवरून प्यायच्या पाण्याचे दोन हंडे आणायची. एक डोक्यावर, एक कमरेवर, आणि मागं पदर धरून भाची.

मी तेव्हा पुण्यात पीएच.डी. करत होतो, आणि माझा विषय फ्लोराइड होता. हा योगायोग मला अजूनही सहन होत नाही.

काम काय होतं ते सोप्या शब्दांत सांगतो. द्रावणात तरंगणारा फ्लोराइडचा आयन ओळखून त्याला धरून ठेवील असा रेणू बनवायचा. निसर्गात आहे तो नव्हे, आपण घडवलेला. माझ्या रेणूच्या मधोमध युरिया होता. शेतात टाकतात तोच युरिया, फक्त दोन्ही बाजूंना दोन हात जोडलेले. युरियाच्या मध्यावर नायट्रोजनला चिकटलेले दोन हायड्रोजन असतात, शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड केलेले. त्यांच्यावर किंचित धन भार असतो. फ्लोराइड लहान, त्याचा ऋण भार एकवटलेला. तो बरोबर त्या दोन हायड्रोजनांच्या बेचक्यात येऊन बसतो. क्लोराइड, ब्रोमाइड मोठे आणि ढिले, त्यांना ती जागा तितकी मानवत नाही. दोन्ही हातांच्या टोकांना मी असे गट बसवले होते की बेचक्यात फ्लोराइड आला की रेणूतला भार सरकावा आणि फिक्या पिवळ्या द्रावणाचा रंग लालबुंद व्हावा. उपकरण नको, काही नको. डोळ्यांनी दिसणार. पहिल्यांदा तो लाल रंग आला तेव्हा मी ती काचेची नळी खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ नुसता बघत उभा होतो.

पण हे सगळं पाणी नसलेल्या द्रावकात. त्या द्रावकाला डीएमएसओ म्हणतात. हाताला लागला तर थोड्या वेळानं तोंडात लसणासारखी चव येते. त्यात विरघळावं म्हणून फ्लोराइडही लांब शेपट्यांच्या एका खास मिठातून घ्यायचा. खऱ्या पाण्यात गोष्ट निराळी. तिथं प्रत्येक फ्लोराइडभोवती पाण्याचे रेणू घट्ट लगडलेले असतात. त्यांना दूर सारल्याशिवाय माझ्या रेणूला फ्लोराइडपर्यंत पोचताच येत नाही, आणि एका फ्लोराइडमागं पाण्याचे लाखो रेणू. माझा रेणू तिथं हरायचा. म्हणजे पाण्यात फ्लोराइड असो वा नसो, माझं द्रावण पिवळंच राहायचं.

हे मला माहीत होतं. अगदी स्पष्ट माहीत होतं.

आणखीही एक माहीत होतं. मोठ्या चुंबकाच्या यंत्रावर थेंबाथेंबानं फ्लोराइड घालत मी आलेख काढायचो. सुरुवातीला हायड्रोजनची खूण जागेवरून सरकायची, म्हणजे फ्लोराइड बेचक्यात बसतोय. पुढं ती खूण गायबच व्हायची आणि आलेखाच्या दुसऱ्या टोकाला तीन बारीक शिखरं यायची. याचा अर्थ रेणूनं फ्लोराइडला धरलेलं नाही, फ्लोराइडनंच रेणूचा हायड्रोजन हिसकावून नेलाय. माझा तो लालबुंद रंग धरण्याचा नव्हता, लुबाडला गेल्याचा होता. प्रबंधात मी 'बंधन' असंच लिहिलं. त्या तीन शिखरांचा आलेख जोडपत्रात, लहान आकारात टाकला. शोधनिबंधाच्या पहिल्या वाक्यात पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा उल्लेख होता. आमच्या क्षेत्रात तो सगळेच करायचे.

त्या वर्षी भाऊबीजेला मी मळवलीला गेलो तो बिस्किटाच्या डब्यात तीन नळ्या घेऊन. प्रयोगशाळेतली वस्तू घरी न्यायची नसते, विषारी तर नाहीच नाही. पण मला दाखवायचं होतं. मी एवढी वर्षं करतो काय, हे घरी कुणालाच कळत नव्हतं.

मागच्या पडवीत बसलो. दाजींनी बिडी विझवून कानावर ठेवली.

"हे काय, अत्तर व्हय पाव्हणं?"

"नाही दाजी. हा माझा रेणू. यात मधे युरिया आहे."

"युरिया?" दाजी ताईकडं वळले. "ऐकलं का? तुजा भाऊ युरियाचा डॉक्टर हुतोय. आमी दर साली चार गोणी फेकतो भाताला, आमाला कुणी डॉक्टर म्हनत न्हाई."

"तुमी फेकता," ताई म्हणाली. "त्यो मोजतो."

मी एका नळीत फ्लोराइडचा थेंब सोडला. पिवळं होतं ते क्षणात लाल झालं. भाचीनं टाळ्या पिटल्या. दाजीसुद्धा पुढं झुकले. मी सांगितलं, हा फ्लोराइड. पाण्यात जास्त झाला की दात खराब करतो, हाडं खराब करतो. हा रेणू त्याला ओळखतो.

ताई एकदम गंभीर झाली. "दात? मंग आमच्या बोअरचं बघ की. त्या माळ्याच्या पोरींचं दात तू बघायला हवं हुतंस. मला तवापासनं शंका हाय. त्यापायी तर रोज दोन हांडं वाहून आनते मी. मान मोडून ऱ्हायली."

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की ताई, हे पाण्यात चालत नाही. पाच शब्द. दाजी हसले असते. 'म्हंजी पान्याचं औषध पान्यात चालत न्हाई?' असं काहीतरी म्हणाले असते आणि वर्षभर तेच चघळलं असतं. एवढंच झालं असतं.

मी म्हणालो, "आण."

ताईनं तांब्या भरून आणला. मी दुसऱ्या नळीत बोअरच्या पाण्याचे चार थेंब टाकले. पिवळं पिवळंच राहिलं. सगळे नळीकडं बघत होते, मीही बघत होतो, जणू मला ठाऊकच नव्हतं.

"लाल न्हाई झालं," ताई हळूच म्हणाली.

"नाही झालं."

"मंग चांगलं हाय?"

मी मान हलवली. 'हो' म्हणालो की नुसती मान हलवली, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. त्यानं काही फरक पडत नाही.

आणि मग ते घडलं जे आमच्या घरात पुढं गोष्टीसारखं सांगितलं गेलं. भाचीनं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि लाल झालेल्या नळीवर ओतलं. मी तिचा हात मागं ओढेपर्यंत नळी भरून वाहिली होती. आतला लाल रंग उतरला. पुन्हा फिकं पिवळं. साध्या पाण्यानं असंच होतं, कुठल्याही पाण्यानं. विहिरीचं असतं, जारचं असतं, तरी झालं असतं.

ताईचा चेहरा उजळला. "अगं बया! आपलं पानी तर इख बी मारतंय!"

दाजी म्हणाले, "मालकाला सांगाया पायजे. उगा जार आनतोय येडा."

सगळे हसले. मी भाचीचे हात साबणानं दोनदा धुतले, आणि मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून ताईनं विहिरीवर जाणं बंद केलं. तिचा पितळेचा हंडा घासून फळीवर गेला. पुढच्या खेपेला मला म्हणाली, "तुज्यामुळं माझ्या डोक्यावरचं वजं उतरलं बघ." तिच्या मानेवरचा घट्टा हळूहळू गेला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं गप्प बसण्याची जी कारणं मी स्वतःला दिली त्यांत हे सगळ्यांत वरचं होतं: तिला आराम मिळालाय, तो कशाला हिरावायचा.

निघताना मी एक बाटली भरून घेतली होती. 'लॅबमध्ये नीट बघतो' असं म्हणालो होतो. शास्त्रज्ञ असं म्हणतात म्हणून म्हणालो. ती बाटली दोन आठवडे शीतकपाटात होती. शेजारच्या प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजायचा इलेक्ट्रोड होता, साधा, पेनाएवढा. त्याच्या टोकाला एक स्फटिक असतो, तो फ्लोराइडलाच ओळखतो आणि थेट पाण्यात ओळखतो. माझ्या सगळ्या प्रबंधापेक्षा तो इलेक्ट्रोड जास्त कामाचा होता, आणि बहुधा म्हणूनच मी त्याच्याकडं फिरकत नसे. एका रविवारी दुपारी शेजारी कुणी नव्हतं. मी फ्लोराइडचं प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांवर इलेक्ट्रोड जुळवून घेतला, मग ताईची बाटली उघडली. अर्ध्या तासाचं काम.

आकडा सुरक्षित मर्यादेच्या दुपटीहून जास्त आला. पुन्हा केलं. तेवढाच आला.

वहीत लिहिला नाही. गाळणकागदाच्या तुकड्यावर लिहिला आणि तो तुकडा पाकिटात ठेवला.

तेव्हा भाचीचे सगळे दात दुधाचे होते, पांढरेशुभ्र. दातांवर डाग पडतात ते कायमचे दात हिरडीच्या आत घडत असताना. पुढचे दात साधारण त्याच वयात घडतात. एकदा दात घडला की मग पाणी बदलून उपयोग नाही. मी हे वाचलं होतं. म्हणजे माझ्या हातात वेळ होता, मोजून दोन-तीन वर्षं, आणि रोज त्यातला एक दिवस जात होता.

महिन्याभरात माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, सौम्य. शेवटी त्यांनी विचारलं, "हे खऱ्या पाण्यावर कधी करून पाहिलंत का?"

"हो सर. मळवलीच्या एका बोअरच्या पाण्यावर. फ्लोराइड आढळला नाही."

पाकीट माझ्या मागच्या खिशात होतं. परीक्षकांनी समाधानानं मान डोलावली आणि चहा मागवला गेला.

आता कुणी म्हणेल, डिग्री जाईल म्हणून गप्प बसला. तसं म्हणायला मलाही बरं वाटलं असतं. पण ताईला सांगितलं असतं तर परीक्षकांना कुठून कळणार होतं? दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मला फक्त त्या पडवीत परत जाऊन दाजींसमोर 'मी चुकलो' म्हणायचं नव्हतं. पुढच्या खेपेला सांगू. मग संक्रांतीला सांगू. बोलायला गेलो की ताई काहीतरी खायला पुढं ठेवायची. एवढं क्षुल्लक होतं सगळं.

सातव्या वर्षी भाचीचे नवे दात आले. आधी खडूसारखे पांढरट पट्टे, मग वर्षभरात तपकिरी. ताईला पाण्याची शंका आलीच नाही. कशी येणार, पाणी तर तपासलेलं होतं. तिला वाटलं पोरगी दात नीट घासत नाही. एका सकाळी मी तिथं दारात उभा होतो. मोरीपाशी भाची वाकून उभी, हातात मीठ, आणि ताई मागं उभी राहून ओरडत होती, "घास! अजून घास! मिश्री लावनाऱ्या म्हातारीवानी दात झाल्यात तुजं!" मग तिनं स्वतःच मीठ घेऊन पोरीच्या दातांवर चोळलं. पोरीच्या थुंकीत रक्त होतं. मी ताईच्या हातून पोरीला सोडवलं, तिला दुकानात नेलं आणि महागातली टूथपेस्ट घेऊन दिली. घरी आल्यावर खोक्यावर वाचलं तेव्हा कळलं की तिच्यातही फ्लोराइड होता. तोंडातली पेस्ट गिळत गिळत ती हसून म्हणाली, "मामा, गोड आहे."

ताई तिला लोणावळ्याला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न बरोबर विचारला, "पाणी कुठलं पिता?" ताई मला नंतर अभिमानानं सांगत होती, "म्या म्हनलं, पान्याचं इचारूच नका. माझा भाऊ त्यातलाच डॉक्टर हाय, त्यानं सोता बघितलंय." माझ्या नावामागच्या 'डॉक्टर' या एका शब्दानं त्या माणसाचंही तोंड बंद झालं.

शाळेत मुली तिला 'मिश्री' म्हणायच्या. ती तोंडावर हात धरून हसायला शिकली, मग हात न धरता, ओठ मिटून हसायला शिकली. कॉलेज झाल्यावर लोणावळ्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनसाठी मुलाखत द्यायला गेली. त्यांनी तिला आत घेतलं, पण बुकिंगच्या फोनवर. "फोनवर दात दिसत नाहीत ना मामा," असं तिनंच मला सांगितलं. तेही ओठ मिटूनच हसत.

मी तोवर तळेगावच्या बाजूला एका कॉलेजात शिकवायला लागलो होतो, वराळ्यात घर घेतलं होतं. रेणू घडवणं केव्हाच सुटलं. जगात इतरांनी ते काम पुढं नेलं. कुणी बोरॉन वापरून फ्लोराइडला असा पकडला की पाण्यातही निसटू नये, कुणी रेणूला अशी खोल खबदाड दिली की पाण्याचे रेणू बाहेरच राहावेत. मी ते वर्गात शिकवतो. फळ्यावर युरियाचं बेचकं काढतो, त्यात फ्लोराइड बसवतो आणि विचारतो, "हे पाण्यात का चालत नाही?" मुलं उत्तर देतात. दरवर्षी देतात. सोपं उत्तर आहे.

दाजींची कंबर गेली चार-पाच वर्षं आखडलेली असते, मान वळवताना सगळं अंग वळवावं लागतं. ते त्या पाण्यानं, की जन्मभर मालकाच्या बागेत वाकून, हे मला सांगता येत नाही. बरं, सांगता येत नाही हेही मला बरंच वाटतं, ही तशीच एक कबुली.

यंदा भाची बाळंतपणाला आईकडं आली. मुलगी झाली. भाचीला पुरेसं दूध येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी डब्यातलं दूध पाण्यात कालवून द्यायला सांगितलं. मी बाळंतविडा घेऊन गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. भाची खाटेवर, बाळ तिच्या कुशीत, दाजी बागेत. ताई गॅसपाशी उभी, आणि पातेल्यात पाणी खळखळ उकळत होतं.

"कशाला गं एवढं पाणी?"

"बाळाला. डाक्टर म्हनलं उकळून द्या. म्या तर निम्मं हुईस्तोवर उकळते. उगा जंतू बिंतू नको. आन पानी तर आपलं तपासल्यालंच हाय."

पाणी उडून जातं, फ्लोराइड जात नाही. निम्मं होईस्तोवर उकळलं म्हणजे त्याचं प्रमाण दुप्पट होतं. हे गणित करायला मला एक क्षणही लागला नाही. पातेल्याकडं बघत मी उभा होतो. ताई पुढं बोलतच होती, शेजारच्या बंगल्यातली मावशीही आता आपल्याच बोअरचं नेते म्हणून.

मी जाऊन गॅस बंद केला.

"आरं, काय करतूस?"

"ताई, हे पाणी बाळाला देऊ नकोस. कुणीच पिऊ नका."

"का? काय पडलं त्यात?"

"त्यात फ्लोराइड आहे. पहिल्यापासून आहे. मी त्या वेळी खोटं बोललो."

ताईला कळलंच नाही. ती हसली. "तू बघितलं हुतंस की. लाल न्हाई झालं."

"ते पाण्यात लाल होतच नाही ताई. कधीच होत नाही. मला माहीत होतं."

खाटेवरून आवाज आला. "मामा, नक्की कधी कळलं तुम्हाला?"

मी वळलो. भाची उठून बसली होती.

"त्या दिवशी माहीत होतं की ती तपासणी खोटी आहे. पाण्यात आहे हे दोन आठवड्यांनी कळलं. मोजलं होतं मी."

"मी तेव्हा किती वर्षांची होते?"

"चार."

"आणि माझे दात?"

"आत होते. हिरडीत. तयार होत होते."

तिनं बाळाला बाजूला ठेवलं, हळूच, मान सांभाळून. मग ती ओरडली. काय काय ओरडली ते मी इथं लिहीत नाही, त्यातलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं. आईनं मीठ चोळून रक्त काढलं तेव्हा तुम्ही दारात उभे होतात, एवढं एक लिहितो. ओरडताना तिचं तोंड पूर्ण उघडलं होतं. बावीस वर्षांत मी तिचे दात असे सगळे एकदम कधी पाहिले नव्हते. वरचे चार, आणि खालच्यांवरही खड्डे.

ताई मधे पडली नाही. तिनं पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं. मग स्टुलावर चढून फळीवरचा हंडा काढला. तो हिरवट पडला होता. चिंच घेऊन ती तो घासायला बसली. मी जवळ जाऊन म्हणालो, "दे, मी आणतो पाणी."

"ऱ्हाऊ दे." तिनं वर पाहिलं नाही. "मीठ तर म्या चोळलं तिला. माझ्या हातानं." घासता घासता म्हणाली, "तू बस. तुला सवय न्हाई."

विहिरीच्या जागी आता गावात नळ आहे, पण फाटक ओलांडून जावंच लागतं. ताई आता साठीकडं झुकली आहे. ती हंडा कमरेवर घेऊन गेली. दाजी बागेतून आले, त्यांना भाचीनंच सांगितलं. त्यांनी सगळं अंग वळवून माझ्याकडं बघितलं. दाजी काहीतरी टोमणा मारतील, याची मी इतकी वर्षं धास्ती घेतली होती. ते बाहेर गेले आणि नळीनं झाडांना पाणी घालायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून इलेक्ट्रोड आणि मीटर मागून घेऊन गेलो. मला वाटलं होतं भाची दारातूनच परत पाठवील. तिनं आत घेतलं. टेबलावर तीन सारख्या बाटल्या मांडलेल्या होत्या, झाकणांवर पेननं एक, दोन, तीन.

"एकीत बोअरचं, एकीत गावच्या नळाचं, एकीत मालकांच्या जारचं," ती म्हणाली. "कुठल्या बाटलीत काय, ते मी सांगणार नाही. मी चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. तुम्ही मोजा. आकडा मी वाचणार."

मी प्रमाण ठाऊक असलेल्या द्रावणांवर मीटर जुळवून घेतला. प्रत्येक पायरीला ती विचारत होती, हे काय, हे कशासाठी, आणि मी सांगत होतो. इतकं नीट मी वर्गातही कधी सांगितलं नसेल. ताई बाळाला मांडीवर घेऊन दाराच्या चौकटीशी बसली होती. पहिल्या बाटलीत इलेक्ट्रोड बुडवला. आकडा हलत हलत थांबला. भाचीनं वाचला, लिहिला. दुसरी. तिसरी. प्रत्येक वेळी इलेक्ट्रोड धुऊन, टिपून.

"दोन नंबर बोअरचं आहे," मी म्हणालो. "बाकी दोन्ही प्यायला चालतील. नळाचं बाळाला द्या. उकळा, पण जंतू मरण्यापुरतंच. आटवू नका."

तिनं चिठ्ठी उघडली, वाचली, घडी घातली. बरोबर आहे की चूक, ते मला सांगितलं नाही. दोन नंबरची बाटली उचलून तिनं मोरीत उलटी केली आणि आईला म्हणाली, "आई, नळाचं घे."

निघताना मी मीटर पेटीत ठेवायला लागलो, तर ती म्हणाली, "हे इथंच राहू द्या दोन दिवस. शेजारच्या मावशींच्या बंगल्यातलं पाणी मी बघणार आहे."

कॉलेजचं उपकरण बाहेर ठेवायचं नसतं. मी ठेवून आलो.